अर्थशास्त्राची पदवी आणि तिची दारे



अर्थशास्त्राची पदवी घेऊन पुढे काय, असे आज घरोघरी विचारले जाते. बँक, विमा, संशोधन, अध्यापन, प्रशासन अशी अनेक उत्तरे त्यास आता देता येतात. शंभर वर्षांपूर्वी हे विद्वत्तेचे भूषण होते. त्याच्या नावाची स्वतंत्र नोकरी मात्र जवळजवळ नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, ते न्यायासनावर असताना. वकिली, सरकारी चाकरी किंवा प्राध्यापकी यांपैकी एखाद्या दारातूनच अर्थशास्त्रज्ञाला आत यावे लागे.

आपल्या बडोद्यात एक वेगळी शक्यता निर्माण झाली होती. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदाची स्थापना केली. राज्याचा जमाखर्च शास्त्राने पाहणारी माणसे त्यांना हवी होती. १९१३ साली त्यांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास कोलंबिया विद्यापीठात धाडले. दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि परतल्यावर दहा वर्षे राज्याची सेवा, अशी अट होती. त्या काळच्या हिंदुस्थानात अर्थशास्त्राच्या शिक्षणाला इतकी निश्चित नेमणूक जोडलेली क्वचितच आढळेल.

१९१७ साली आंबेडकर बडोद्यात रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत. राहण्यास घर मिळेना. पारशी अतिथिगृहात ते अकरा दिवस राहिले. मग काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून हुसकावले. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवर ते कमाटी बागेत बसून राहिले. आपण आजही ज्या बागेत मुलांना नेतो, तीच ही बाग. राजाची इच्छा होती, पदवी होती, हुकूमही होता. तरी शहराने त्यांना छप्पर दिले नाही. दहा वर्षांचा करार पुरा झालाच नाही. याचा हिशेब बडोद्याच्या इतिहासात मांडला पाहिजे असे मला वाटते.

यापुढचा त्यांचा मार्ग पाहिला, तर त्या काळी या पदवीला किती वाटा होत्या याची जणू यादीच सापडते. मुंबईत त्यांनी गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. जात कळताच गिऱ्हाइके गेली. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथेही पाण्याच्या माठावरून कुरबूर झालीच. पुढे लंडनला जाऊन १९२३ साली त्यांनी डी. एस्सी. मिळवली, ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षीचा. बॅरिस्टर होऊन ते परतले, तेव्हा पोटापाण्यासाठी वकिली आणि बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र संस्थेत व्यापारी कायद्याचे वर्ग, अशी जोड त्यांनी घातली. १९२५ मध्ये चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. या साक्षीतूनच रिझर्व्ह बँक जन्मली असे म्हणण्याची आता प्रथा पडली आहे. मला ते अतिशयोक्त वाटते, आणि त्यांच्या थोरवीला त्याची गरजही नाही.

रिझर्व्ह बँक १९३५ साली स्थापन झाली. तिचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४३ साली नेमले गेले. ते मूळचे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, आय. सी. एस. मधून आलेले! अर्थशास्त्राच्या पदवीधरांसाठी स्वतंत्र भारतीय आर्थिक सेवा सरकारने १९६१ साली उभी केली, तेव्हा कोठे हे दार पदवीच्या नावाने उघडले.

मधल्या काळात कोणी दाराची वाट पाहत बसले नाहीत. केंब्रिजहून आलेल्या धनंजयराव गाडगीळांनी आधी सुरतेच्या कॉलेजात प्राचार्यपद सांभाळले. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली, आणि गाडगीळ तिचे संचालक झाले. तेथे शेतकऱ्यांच्या दारी जाऊन पाहण्या करणारी तरुण मंडळी घडली. पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपदही याच प्राध्यापकाने विठ्ठलराव विखे पाटलांच्या आग्रहावरून स्वीकारले. उसाचे वजन, शेतकऱ्याचे भागभांडवल आणि बँकेचे कर्ज यांची गणिते जुळवीत केंब्रिजचा पदवीधर लोणीच्या माळावर जाऊन बसला.