पाहणाऱ्यांनी लिहून ठेवलेले शिवराय

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीत जॉन एस्कॅलियट नावाचा पाद्री होता. लुटीला तीन आठवडे व्हायच्या आत, २६ जानेवारीला, त्याने नॉर्विचचे डॉक्टर आणि लेखक थॉमस ब्राऊन यांना सविस्तर पत्र लिहिले. जळालेली घरे, पळालेला सुभेदार, वखारीचा बचाव असे सगळे त्यात आहे. पण एवढ्या मोठ्या बंदराची दाणादाण उडवणारा माणूस दिसतो कसा, हेही त्याने लिहिले, आणि तेवढ्या चार ओळींसाठी हे पत्र मोलाचे ठरले.

उंची बेताची, पाद्र्याच्या स्वतःच्या उंचीहून थोडी कमीच. अंग ताठ, बांधा रेखीव, हालचाल चपळ. नजर तीक्ष्ण, आरपार जाणारी. बोलू लागले की हसताहेत असे वाटावे. आणि वर्ण आपल्या सर्व माणसांपेक्षा उजळ. एस्कॅलियटच्या वर्णनाचा आशय असा आहे.

हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले नव्हे. ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून ऐकले, असे तो सरळ सांगतो. कंपनीचा नोकर अँथनी स्मिथ मराठ्यांच्या छावणीत कैद होऊन सुटून आला होता. माहिती त्याच्याकडून आली असण्याचा संभव मोठा आहे. शिवाय हाच पाद्री त्याच पत्रात महाराजांना कपटी आणि क्रूर म्हणतो. वैर इतके उघड असूनही ताठ अंग, रेखीव बांधा आणि ते हसू त्याने गाळले नाही, म्हणून या वर्णनावर विश्वास ठेवावासा वाटतो.

दोनच वर्षांनी सुरतेत आलेला फ्रेंच प्रवासी थेव्हेनो महाराजांना ठेंगणे आणि सावळ्या वर्णाचे म्हणतो. मग खरे कोणाचे? पाद्र्याने तुलना महाराजांच्या भोवतालच्या माणसांशी केली होती. फ्रेंच प्रवाशाच्या मनातले माप बहुधा युरोपचे असावे. वर्णाबद्दल दोघे वेगळे बोलतात, डोळ्यांबद्दल मात्र एकच. तल्लख बुद्धी दाखवणारे चंचल डोळे थेव्हेनोनेही नोंदवले आहेत.

सर्वांत जिवंत साक्ष आग्र्याची. मे १६६६ मध्ये महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले, तेव्हा मोगलांच्या चाकरीतल्या रामसिंग या राजपुताच्या पदरचा परकालदास तिथे घडलेल्या हकिकती आंबेरला कळवत होता. ही राजस्थानी पत्रे जयपूरच्या दप्तरात राहिली आणि इतिहासकार जदुनाथ सरकारांनी ती अभ्यासकांपुढे आणली. परकालदास लिहितो त्याचा मथितार्थ असा : शरीर लहानखुरे, रंग विलक्षण गोरा, दाढी राखलेली, आणि कोण आहे हे कोणी सांगितले नाही तरी हा माणसांवर राज्य करणारा पुरुष आहे, हे पाहताक्षणी जाणवते. सोबतच्या नऊ वर्षांच्या संभाजीराजांचे देखणेपणही तो टिपतो. मोगलांच्या चाकरीतल्या राजपुताचा हा कारकून. महाराजांची स्तुती करून त्याला काही मिळायचे नव्हते. उंचीपुरी देहयष्टी नसताना रुबाब कशात असतो, हे त्याच्याइतके नेमके दुसऱ्या कोणी पकडलेले नाही.

मराठी साधने या बाबतीत निराळी आहेत. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. त्याने महाराजांना जवळून पाहिले होते, तरी त्याच्या लेखणीला ओढ कर्तृत्वाची. नाकाडोळ्यांचे वर्णन त्याच्याकडून मिळत नाही. त्याच्या वाचकांना ते सांगण्याची गरज वाटली नसावी.

या विखुरलेल्या ओळींचे महत्त्व विसाव्या शतकात कळले. शिवाजी महाराजांचे म्हणून महाराष्ट्रात पसरलेले एक चित्र प्रत्यक्षात इब्राहिम खान नावाच्या सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या साहित्यातले अस्सल चित्र शोधून १९३३ मध्ये लोकांपुढे ठेवले. महाराजांची म्हणून ओळखली जाणारी, गोवळकोंडा शैलीतली सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली चित्रे अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत. बाकदार नाक, टोकदार दाढी, सावध डोळे. परकालदासाची दाढी आणि एस्कॅलियटची नजर यांच्याशी ही चित्रे जुळवून पाहता येतात. नुसत्या चित्रावर विसंबल्याने एकदा केवढी फसगत झाली, हे पाहिल्यावर ही जुळणी करायलाच हवी.

चालण्याबोलण्याची साक्ष मात्र एकाही चित्रात सापडत नाही. रामदासांनी संभाजीराजांना पाठवल्याचे परंपरा सांगते त्या काव्यमय पत्रात महाराजांचे रूप आठवायला सांगितले आहे, आणि त्याच्या जोडीला त्यांचे बोलणे, चालणे, माणसाला जवळ करण्याची रीतही. चेहरा कसा होता हे तिथे एका अक्षरानेही सांगितलेले नाही. ज्यांना उद्देशून ते लिहिले, त्या संभाजीराजांनी आग्र्याच्या दरबारात वडिलांना शेजारून पाहिले होते.