वडक्कनकुळमची भिंत आणि ‘सामाईक वारसा’

खेड्यातली जुनी चर्चेस सर्वांसाठी उघडा, तो आपला सामाईक वारसा आहे, ही मागणी ऐकायला फार गोड वाटते. इंग्लंडमध्ये १९६९ पासून एक ट्रस्ट हेच काम करतो. नियमित उपासना थांबलेली साडेतीनशेहून अधिक चर्चेस त्याच्या ताब्यात आहेत. कोणीही जावे, बसावे, पाहावे. माझा याला विरोध नाही. पण ‘सामाईक’ हा शब्द आला की आंबेडकरी माणसाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. सामाईक म्हणजे कोणाकोणाचा? त्या इंग्लिश चर्चमध्येही जमीनदाराच्या घराण्याला दार असलेली बंदिस्त बाके असत आणि गरीब मागे बसत. लाकडाचे कोरीव काम सगळे पाहतात, मागे कोण बसले होते हे किती जण विचारतात?

आता आपल्या देशाकडे या. तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यात वडक्कनकुळम नावाचे गाव आहे. तिथे १८७२ साली बांधलेल्या कॅथलिक चर्चचा आराखडा पाहण्यासारखा आहे. वेदी एक, पण तिच्याकडे येणारी दालने दोन, पँटच्या दोन पायांसारखी. एका दालनात वेल्लाळ पिळ्ळै, दुसऱ्यात नाडार. वेदीवरच्या फादरला दोन्ही बाजू दिसत, पण दोन्हीकडच्या भाविकांना एकमेकांचे तोंड दिसत नसे. जात इथे नुसती मनात नव्हती, ती विटा-चुन्यात बांधली होती, आणि तीही ‘देवापुढे सगळी माणसे सारखी’ असे शिकवणाऱ्या धर्मात. १९१० साली फादर कोसानेल यांनी मधली आडभिंत पाडली. पिळ्ळै मंडळी गप्प बसली नाहीत. भिंत हा आमचा हक्क आहे म्हणून ती थेट मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि हरली. भिंत वाचवण्यासाठी कोर्टात जाणारे भाविक! हे वाचताना चवदार तळ्यानंतरची महाडची कोर्टबाजी आठवल्याशिवाय राहत नाही.

भिंत पडली म्हणजे जात पडली असेही नाही. त्याच तमिळनाडूत एरैयूर गावी २००८ साली दलित ख्रिश्चनांनी स्वतंत्र धर्मग्राम मागितला, तेव्हा हिंसाचार झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे गेली. ही दुखणी बाबासाहेबांना ठाऊक होती. धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवर त्यांनी स्वतंत्र लिखाण केले आहे. त्यात दक्षिणेतल्या अस्पृश्य ख्रिश्चनांनी सायमन कमिशनपुढे मांडलेली कैफियत त्यांनी घेतली आहे.

आपल्यातले काही जण म्हणतात, तो ख्रिश्चनांचा घरगुती मामला, आपण बौद्ध, आपल्याला काय त्याचे? मित्रांनो, १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश काढून पाहा. अनुसूचित जात फक्त हिंदूंना. शिखांना १९५६ मध्ये घेतले, बौद्धांना १९९० मध्ये. म्हणजे केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे आपणही याच दाराबाहेर उभे होतो. दलित ख्रिश्चन अजून तिथेच आहेत. जो समाज सरकारी कागदावर दलित ठरत नाही, त्याच्यावरच्या जातीचा पुरावा कुठे आहे? वडक्कनकुळमच्या त्या दोन दालनांत आहे. म्हणून ते चर्च पर्यटकांना जरूर दाखवा, पण दारातल्या पाटीवर कोणत्या दालनात कोण बसत होते आणि मधली भिंत का होती, हे तमिळमध्ये ठळक लिहा. रंगीत काचा आणि कमानींचे वर्णन खाली येऊ द्या.

महाराष्ट्रात हे काम आणखी जवळचे आहे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आले. तिथली मिस फरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा काढली, हे आपण भाषणात सांगतो. त्याच जिल्ह्याच्या खेड्यांत मिशनची साधी दगडी चर्चेस उभी राहिली, आणि त्यात येणारे बहुतेक महार आणि मांग होते. गोव्याच्या सोनेरी वेद्यांपुढे ही चर्चेस कोणाच्या नजरेत भरत नाहीत. पण बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या अशाच ठिकाणी असतात, आणि त्यात आपल्याच भावकीतल्या माणसांची नावे असतात. पाळकांची परवानगी घेऊन, वाळवी लागण्याआधी त्या पानांचे मोबाईलवर फोटो काढायचे आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून नाती लावून घ्यायची. हे दोन रविवारांचे काम आहे, आणि त्यासाठी कुठल्याही खात्याच्या निधीची वाट पाहावी लागत नाही.