जिवंतपणीची प्रेतयात्रा

एखाद्या लेखकाचे लिखाण पटले नाही तर वाचक काय करतो? पत्र बाजूला टाकतो. फार झाले तर संपादकाला चार खरमरीत ओळी धाडतो. पण पुण्यातील काही वाचकांचे एवढ्याने भागले नाही. त्यांनी गोपाळ गणेश आगरकरांची प्रेतयात्रा काढली, आणि तीही आगरकर जिवंत असताना! जे कधी लढाईत घडले नाही ते लेखणीपायी घडले.

आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, घरची अत्यंत गरिबी. १८८१ साली ‘केसरी’ निघाला, त्याचे ते पहिले संपादक. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले. तोवर लोक त्यांना डोक्यावर घेत होते, कारण तेव्हा लढा होता सरकारी कारभाऱ्याशी. पुढे हीच लेखणी बालविवाहाकडे, विधवांच्या केशवपनाकडे वळली, आणि तीच माणसे उलटली. पहा, टीका परक्यावर असते तोवर ती गोड लागते!

मतभेद वाढले, तेव्हा १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. मराठी बाजू त्यांची, इंग्रजी बाजू गोखल्यांची. शिव्याशाप चालूच होते. दम्याने शरीर पोखरले होते. तरीही ते लिहीत राहिले. लेखणी काही मऊ नव्हती, उपरोध तर चांगलाच झोंबे. पण आक्षेप आला की त्याचे कारण शोधायचे आणि कारणाला कारणाने उत्तर द्यायचे, ही त्यांची रीत. १८९५ साली, चाळिशीही गाठण्याआधी, ते गेले. ज्यांच्याशी इतकी वर्षे कडाक्याचे भांडण झाले, त्या टिळकांनीच ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

पण प्रत्येकाच्या हाती स्वतःचे पत्र कोठून असणार? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचेच घ्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला शिक्षा झाली, तिच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीलाच नावे ठेवली गेली. त्या संतापातून ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. टवाळी झाली, तीही परक्यांकडूनच नव्हे. तेव्हा ‘सत्सार’च्या अंकातून जोतिराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि हिणवणाऱ्या पत्रकर्त्यांना त्यांनी खडसावले. परंतु त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आले नाही. पुस्तकही विसरले गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा कोठे महाराष्ट्राला त्याची ओळख पटली.

म्हणून प्रेतयात्रेची गोष्ट सांगताना आपण नुसते आगरकरांच्या धैर्याचे कौतुक करून थांबू नये. धैर्य होतेच, पण पाठीशी पत्र होते, स्नेही होते. एकट्या बाईला एक फुले मिळाले, आणि तेवढे पुरले नाही. शिव्यांनी विचार मरत नाही असे आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. खरे आहे, पण त्याला त्र्याण्णव वर्षे वाट पाहावी लागते, आणि मधल्या काळात जी पुस्तके लिहिली जायची ती राहून जातात. तेव्हा वाचकहो, न पटणारे काही वाचून आपण लेखणी उचलाल, तेव्हा जरूर उचला. फक्त पत्र पेटीत टाकण्यापूर्वी एकवार पाहा, की त्यात कारण आहे की तिरडी.