गिअर कोण बदलतो? १९३२ च्या बसपासून शिफ्ट सोलेनॉइडपर्यंत

१/ जून १९३२. परभणी तेव्हा हैदराबाद संस्थानातील जिल्हा. निजाम स्टेट रेल्वेच्या रस्तेवाहतूक विभागाने २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांसह संस्थानात बससेवा सुरू केली. गिअरमधील बिघाड त्या वेळी प्रथम चालकाच्या हाताला आणि कानाला कळे. आज तो गाडीतील संगणक सांगतो. या स्थित्यंतराचा हा इतिहास. #थ्रेड

२/ त्या काळच्या अवजड वाहनांत सिंक्रोमेश सहसा नसे. प्रत्येक गिअरसाठी क्लच दोनदा दाबावा लागे आणि इंजिनाचा वेग अंदाजाने जुळवावा लागे. अंदाज चुकला की दाते करकरत. ती करकर हेच निदानाचे पहिले साधन होते.

३/ चालकाचे हे कष्ट कमी करण्यात अमेरिकन अभियंता अर्ल थॉम्पसन याचा वाटा मोठा. त्याची सिंक्रोमेश पद्धत कॅडिलॅकने १९२८ मध्ये आणली. पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली घडलेली हायड्रामॅटिक ही स्वयंचलित यंत्रणा १९४० च्या ओल्ड्समोबाइल मॉडेलमध्ये आली. क्लचचे पेडल गेले. गिअर केव्हा बदलायचा हे तेलाचा दाब ठरवू लागला.

४/ १९७० च्या सुमारास फ्रान्सच्या रेनोने आणि जपानच्या टोयोटाने हा निर्णय इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे सोपवला. विजेचा हुकूम तेलापर्यंत पोहोचवतो तो सोलेनॉइड: तांब्याच्या तारेचे वेटोळे. वीज वाहिली की चुंबकत्व येते, आतील लोखंडी दांडा सरकतो आणि तेलाची वाट उघडते किंवा मिटते. ‘सोलेनॉइड’ हे नाव १८२० च्या दशकातले, अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलेले.

५/ भारतात २०१४ च्या मारुती सेलेरिओमुळे ‘एएमटी’ छोट्या गाड्यांत लोकप्रिय झाली. तिच्यात मूळ गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो, त्यामुळे तिची तपासणी वेगळी. पुढील विवेचन पारंपरिक ऑटोमॅटिकचे आहे.

६/ लक्षणे अशी: गिअर उशिरा पडणे, झटका बसणे, गाडी एकाच गिअरमध्ये अडकणे. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ पद्धतीत यासाठी ठरावीक कोड आहेत. पी०७५० म्हणजे ‘शिफ्ट सोलेनॉइड ए’मध्ये दोष. पी०७५१ म्हणजे तो बंद अवस्थेत अडकल्याचा संशय, पी०७५२ म्हणजे चालू अवस्थेत, तर पी०७५३ म्हणजे विद्युत दोष.

७/ कोड बखरीसारखा वाचावा. सांगणाऱ्याला जे दिसले ते त्यात असते. इतर पुराव्यांशी ताडल्याशिवाय त्यावर निष्कर्ष काढू नये. संगणकाला तेल दिसत नाही. त्याला विद्युतप्रवाह कळतो आणि दंडांच्या वेगांवरून गिअर पडला की नाही याचे तो अनुमान करतो. तुटलेली तार, गंजलेला कनेक्टर किंवा गाळाने अडलेला व्हॉल्व्ह, आरोप मात्र सोलेनॉइडवर.

८/ म्हणून आधी तेल: पातळी, रंग, वास. तेल काळे आणि करपट वासाचे असेल, तर आतील क्लच प्लेट जळाल्याची शक्यता असते. तेथे नवा सोलेनॉइड काही करू शकत नाही. नंतर कनेक्टर आणि वायरिंग. मग मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध. तो अनंत आला तर तार तुटलेली, शून्याजवळ आला तर शॉर्ट.

९/ परभणीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, हेही ध्यानात ठेवावे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांना २० ओहम दाखवणारे वेटोळे १०० अंशांच्या तेलात सुमारे २६ दाखवील. तो दोष नव्हे. उलट, तापल्यावरच उघडी पडणारी तार थंड गाडीत निर्दोष भासते. म्हणून मोजणी थंड आणि गरम, दोन्ही अवस्थांत करावी आणि उत्पादकाच्या आकड्यांशी ताडावी.

१०/ शेवटी ‘टिक’ आवाजाची चाचणी. ऑन-ऑफ प्रकारच्या सोलेनॉइडला १२ व्होल्ट दिल्यावर दांडा सरकल्याचा आवाज येतो. दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडवर हा प्रयोग करू नये. तो जळू शकतो. आवाजाने दांडा हलल्याचे कळते, तेलाची वाट मोकळी असल्याचे नाही. त्यासाठी दाबाचीच चाचणी हवी.

११/ निव्वळ कोडवर विसंबून भाग बदलला, तर पैसे जातात आणि दोष जागीच राहतो. तेव्हा गॅरेजमध्ये तीन प्रश्न अवश्य विचारावेत: कोड नेमका कोणता? तेल पाहिले का? ओहम किती आले, थंड असताना की गरम? (समाप्त)