कुलवृत्तांतातील ऋणनिर्देश

कुलवृत्तांत लिहिणारा गृहस्थ ग्रंथाच्या आरंभी किंवा अखेरीस आभाराचे एक पान घालतो. ज्या ज्या आप्तेष्टांनी साहाय्य केले त्या सर्वांचा मी ऋणी आहे, अशा एका वाक्यात त्या पानावर बहुधा अनेकांची बोळवण झालेली असते. वाचकही ते पान शिष्टाचाराचे समजून उलटतो. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, हे पान प्रमाणाचे आहे, व ते पुरते न लिहिल्यास वृत्तांताचेच बल उणे होते. हे मत स्वतःच्या एका चुकीतून बनले असल्यामुळे ती चूक प्रथम सांगणे प्राप्त आहे.

आमचे घराणे मुकुटबनच्या परिसरात पांडेपण करणारे. देशावर ज्यास कुलकर्णी म्हणत त्यास वऱ्हाडात पांड्या म्हणत, हे वाचकांस ठाऊक आहेच. काही वर्षांपूर्वी घराण्याची माहिती जुळवून मी एक टिपण केले व त्याच्या प्रती भाऊबंदांत वाटल्या. आमचे मूळपुरुष चांद्याकडून वर्धा नदी उतरून आले, असे विधान त्यात होते. आधार म्हणून ‘वृद्धांच्या तोंडून ऐकलेली माहिती’ एवढेच लिहिले होते. वस्तुतः हे वृद्ध म्हणजे एकट्या माझ्या आत्याबाई. चुलत्यांच्या एका जुन्या वहीत घराणे पैनगंगेच्या दक्षिणेकडून आल्याची नोंद होती. परंतु तीतही सांगणाराचे नाव नसल्यामुळे मी ती बाजूस सारली.

टिपण हाती पडताच आतेबहिणीने कळविले की, आईने ही हकीकत आपल्या आजीपासून, म्हणजे माझ्या पणजीपासून, ऐकली होती. पणजीचे माहेर चांद्याकडचे होते, आणि नदी उतरून आल्याची जी गोष्ट ती नातीस सांगे ती तिच्या स्वतःच्या लग्नाच्या वऱ्हाडाची होती. तोपर्यंत आत्याबाई निवर्तल्या होत्या. त्यांनी सांगितले ते खरेच होते. मी मात्र एका सुनेची आठवण उचलून मूळपुरुषाच्या पदरी घातली. ‘आत्याबाईंनी पणजीपासून ऐकलेले’ एवढे शब्द मी लिहिले असते, तर ही चूक वाचणाऱ्या कोणाही आप्ताने त्याच दिवशी दाखविली असती.

न्यायशास्त्रात शब्द हे एक प्रमाण मानले आहे. पण ते आप्ताच्या शब्दापुरते. तेथे आप्त म्हणजे वस्तू यथार्थ जाणणारा व जाणली तशी सांगणारा. मराठीत आप्त म्हणजे नातलग. कुलवृत्तांतकार या दोन अर्थांची गल्लत करतो. नात्याने आप्त असलेला मनुष्य प्रत्येक गोष्टीत शास्त्राच्या अर्थी आप्त असतोच असे नाही. तो कोणत्या गोष्टीत आहे व कोणत्या गोष्टीत नाही, हे ठरवावयाचे तर सांगणारा कोण हे आधी कळले पाहिजे.

कागदांच्या बाबतीत आपल्या पूर्वसूरींनी हा नियम पाळला. वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला, तो पटवर्धनांच्या दप्तरातील कागदांच्या आधारे. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, ती गावोगाव हिंडून व घरोघरची दप्तरे पाहून. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाल्यावर, कागद कोणाच्या दप्तरात मिळाला हे नमूद करण्याची रीत रूढ झाली. कागदाच्या धन्याचे नाव छापावयाचे आणि तोंडी हकीकत सांगणारास ‘वृद्ध’ या एका शब्दात गुंडाळावयाचे, हा पंक्तिप्रपंच होय.

आमच्या भागात तर साहाय्यकांवाचून पाऊलही पुढे पडत नाही. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील आपले बहुतेक हक्क सोडले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १९०३ साली ते मध्यप्रांतास जोडले गेले. १९०५ साली वणी जिल्ह्याची पुनर्रचना होऊन यवतमाळ जिल्हा झाला. पुढे १९५६ साली मुंबई राज्य व १९६० साली महाराष्ट्र. इतक्या अमलांचे कागद एका ठिकाणी कसे सापडावेत? काही मोडीत, काही फारसीत. जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात. मोडी वाचून देणारा गृहस्थ व जीर्ण बुक हलक्या हाताने उलगडून दाखविणारा कारकून हे आमच्या वंशवृक्षात कोठेही नाहीत. पण त्यांच्यावाचून त्या वृक्षास अर्ध्याहून अधिक फांद्या फुटल्या नसत्या.

हे केवळ वतनदार घराण्यांपुरतेच खरे नाही. गोंडांची कुळकथा त्यांचे परधान किंगरीवर गाऊन सांगत आले. पैनगंगेपलीकडील राजगोंडांवर फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला, त्यात परधानांच्या या परंपरेस मोठे स्थान आहे. आज जातपडताळणीसाठी वंशावळ व जुन्या नोंदी दाखल कराव्या लागतात, तेव्हा ज्या घरात कागद नाही त्या घरास कुळ सांगणाराची किंमत अधिकच कळते. अशा गायकाची माहिती घेऊन त्याचे नाव वगळणे म्हणजे दप्तर नेऊन धन्यास पावती न देणे होय.

स्त्रियांविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे. वंशावळीत पुरुषामागून पुरुष उतरतो. सुनेचे माहेर व माहेरचे नाव तेथे लोपते. उलट महालयातील पितरांची यादी पाहावी. तीत मातामहाचे कुळ येते, आत्या, मावशी, बहीण व कन्या येतात, सासरा येतो. इतकेच नव्हे तर गुरू, शिष्य आणि मित्रही येतात. ज्यांचे आपण काही लागतो त्या सर्वांस तिलांजली देणारे शास्त्र वंशावळीहून उदार आहे. ऋणनिर्देश लिहिताना तोच कित्ता गिरवावा.

यास्तव अशी सूचना करावीशी वाटते की, प्रत्येक तोंडी माहितीखाली सांगणाराचे नाव, नाते, सांगितल्याचा दिवस व त्याने ती कोणापासून ऐकली हे लिहावे. नाव छापण्यास त्याची अनुमती घ्यावी. आणि विरुद्ध मत असल्यास तेही तेथेच द्यावे. आभाराचे पान मग या नोंदींचा गोषवारा होईल.

माझ्या साहाय्यकांची नावे त्यांच्या संमतीने कुटुंबाच्या प्रतीत नोंदविली आहेत. येथे नात्याने व कामाने निर्देश करतो. पहिले ऋण आत्याबाईंचे, ज्यांचे नाव मी वेळेवर लिहिले नाही. दुसरे आतेबहिणीचे, जिने माझे विधान खोडून काढले. तिसरे चुलत्यांचे, ज्यांची वही मी अवमानिली. त्यानंतर मोडीवाचक व कारकून. टिपणाच्या ज्या प्रती वाटल्या होत्या त्या सर्वांस दुरुस्तीचे पत्रक धाडले आहे, व त्यात चांद्याची हकीकत पणजीच्या नावे लिहून मूळ गावाचा प्रश्न मोकळा ठेवला आहे.

वणी व केळापूर भागातील पांडेपणाचे जुने कागद कोणा वाचकाजवळ असल्यास त्याने कळविण्याची कृपा करावी. उत्तरात त्याचे नाव अवश्य येईल.