एक रुपया दंडाचा, एक रुपया हजेरीचा

जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेक घरांवर आलेली आहे. गावी जायचे, गुरुजींना विनवायचे, मग ते कपाटातून जुने जाडजूड रजिस्टर काढतात, धूळ झटकतात आणि बोट फिरवत फिरवत नावापाशी थांबतात. आपली सगळी नजर जातीच्या रकान्यावर. तेवढा उतारा मिळाला की आपण झेरॉक्स काढून एस.टी. पकडतो. पण त्याच ओळीच्या शेवटी आणखी एक रकाना असतो, 'शाळा सोडल्याचे कारण'. आमच्या आजोबांच्या नावापुढे तिथे दोनच शब्द आहेत. 'सतत गैरहजर'. इयत्ता दुसरी.

आजोबा त्या वर्षी दुसऱ्याची गुरे राखायला जाऊ लागले होते, हे आम्हाला आजीकडून कळले. रजिस्टरला ते कधी कळलेच नाही. त्याने मूल आले नाही एवढेच लिहून ठेवले. ते का आले नाही आणि त्यासाठी कोणी काय केले, हा इतिहास रजिस्टरच्या बाहेर राहिला. तो थोडक्यात मांडावा म्हणून हा लेखप्रपंच.

शाळेच्या दारातली मुले

गैरहजर म्हणजे ज्याने यायला हवे होते पण आला नाही तो. आपल्या पूर्वजांची गोष्ट मात्र त्याच्याही अगोदर सुरू होते. १८५६ च्या जून महिन्यात त्या वेळच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. सरकारकडे अर्ज झाला. सरकारने काय म्हणावे? मुलाची बाजू न्यायाची आहे, पण एकासाठी बाकीच्यांना शाळा निरुपयोगी करता येणार नाही. दोन वर्षांनी, १८५८ साली, सरकारने जाहीर केले की केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. कागदावर दार उघडले. प्रत्यक्षात काय होते ते बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून गोणपाट न्यायचे, संध्याकाळी ते परत आणायचे, आणि शिपाई हजर नसला तर दिवसभर तहानलेले राहायचे. अशा शाळेत रोज जाणे हीच मोठी गोष्ट होती. एखादे पोर चार दिवस गेले नाही तर त्याला दोष कसा द्यायचा?

मुले का येत नाहीत, हा प्रश्न सरकारपुढे सर्वांत स्पष्टपणे मांडला तो महात्मा जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. कुणबी-शेतकऱ्याची मुले शाळेपासून लांब राहतात, कारण घरची गरिबी. गुरे वळायला आणि शेत राखायला त्यांना पोरे लागतात, असे त्यांनी साफ सांगितले. उपायही दोन सांगितले. एक, मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे देऊन शाळेकडे ओढा. दोन, निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. मदत आणि सक्ती, दोन्ही एकदमच. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे सरकारे आणि शाळा मंडळे याच दोन टोकांमध्ये फिरत राहिली, हे आपण पुढे पाहू.

कोल्हापूरचा रुपया

सक्तीचा पहिला प्रयोग बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी केला. १८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत, आणि १९०६ साली सबंध संस्थानात. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला तिथे दंड होता. याच सयाजीरावांनी १९१३ साली तरुण भीमरावांना अमेरिकेत शिकायला पाठवले. ब्रिटिश मुलखात मात्र १९११ साली नामदार गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले तेव्हा पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. संस्थानिकाला जे परवडले ते साम्राज्याला परवडले नाही!

मग आला कोल्हापूरचा कायदा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला दरमहा एक रुपया दंड. आजच्या पोरांना एक रुपया म्हणजे काहीच वाटणार नाही. पण त्या काळी एक रुपया गाठीला यायला शेतमजुराला काही दिवस राबावे लागे. म्हणजे हा दंड नुसता शोभेचा नव्हता. १९१८ साली करवीर पेट्यातल्या चिखली गावी या योजनेची शाळा सुरू झाली.

हा एक रुपया आपल्याकडे भाषणांतून पुष्कळदा सांगितला जातो. पण त्याच्या आगेमागे काय होते ते सांगायचे राहून जाते. दंड लावण्याआधी महाराजांनी मुलांची राहण्या-जेवणाची सोय करून ठेवली होती. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ सालीच निघाले होते. सक्तीबरोबर फी माफ केली. आणि १९१९ साली हुकूम काढून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद केल्या, मुले एकाच शाळेत एकत्र बसतील असे ठरवले. आधी शाळेतला अडसर काढायचा आणि मग पालकाला जाब विचारायचा, असा तो क्रम. या क्रमामुळेच त्या एका रुपयाला न्यायाचे वजन आले. नुसताच दंड असता तर तो गरिबावर आणखी एक कर झाला असता.

शंभरातली अठरा

मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या आणि 'स्कूल बोर्ड' हा शब्द लोकांच्या तोंडी आला. पण 'मुभा' आणि 'अंमल' यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते.

१२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. पुढच्याच आठवड्यात, १९ आणि २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचा संग्राम व्हायचा होता. पाण्याची लढाई आपल्याला पाठ आहे. त्याच्या आठवडाभर आधीची ही आकड्यांची लढाई आपण तेवढी लक्षात ठेवलेली नाही. बाबासाहेबांनी दाखवून दिले की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. या वेगाने सगळी मुले शाळेत यायला चाळीस वर्षे आणि सगळ्या मुली यायला तीनशे वर्षे लागतील. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते, आणि दारूवरच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. चौदा आणे म्हणजे एक रुपयासुद्धा नाही!

या भाषणातला मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. पटावर किती नावे चढली यावर सरकार समाधान मानत होते. बाबासाहेब विचारत होते की चढलेल्या नावांपैकी टिकली किती. शाळेत पाऊल टाकलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, नाहीतर त्याच्यावरचा खर्च पाण्यात गेला, असे त्यांचे म्हणणे. आमचे आजोबा त्या ब्याऐंशींतलेच एक. तुमच्याही घरात कोणीतरी असेल.

पुढे स्वतः संस्था काढली तेव्हा बाबासाहेबांनी हा विचार अंमलात आणला. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले ते सकाळच्या वर्गांनी, म्हणजे नोकरी करणाऱ्या तरुणाला वर्ग आटोपून कामावर जाता यावे. तो गैरहजर राहील म्हणून त्याला दोष देण्यापेक्षा त्यांनी घड्याळच त्याच्या सोयीने लावले. १९५० च्या संविधानात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे कलम ४५ आले. ती मुदत १९६० साली संपली. मुले शाळेबाहेरच राहिली.

हजेरीचा रुपया

१९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातही गैरहजर मुलाच्या पालकावर हजेरीचा हुकूम काढण्याची आणि दंडाची तरतूद होती. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. पण ज्या घरात संध्याकाळची चूल पेटायची पंचाईत, तिथे हुकूम काढून काय उपयोग?

१९९२ साली महाराष्ट्र शासनाने उलटा विचार केला. मागास आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. वर्षाला जास्तीत जास्त दोनशे वीस रुपये. १९१७ ला मूल न पाठवल्याबद्दल बापाने सरकारला एक रुपया द्यायचा होता. बरोबर पंचाहत्तर वर्षांनी मुलगी आली म्हणून सरकार घराला एक रुपया देऊ लागले. मुलगी शाळेत गेली तर घरातले एक काम करणारे माणूस कमी होते, ही गोष्ट सरकारी कागदाने प्रथमच इतकी उघड मान्य केली.

मग १५ ऑगस्ट १९९५ पासून देशभर शालेय पोषण आहार आला. आपल्याकडे सुरुवातीला ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. महिनाअखेर पिशवी घेऊन शाळेत गेलेल्या आयाबाया हे लेख वाचणाऱ्यांत नक्की असतील. तो तांदूळ घरात सगळ्यांच्या पोटात जाई, आणि जे मूल आजारपणाने किंवा कामाने ऐंशी टक्क्यांच्या खाली घसरले ते नेमके रिकाम्या हाताने परते. ज्याला गरज जास्त त्यालाच नाही! २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि पुढे शाळाशाळांतून खिचडी शिजू लागली. जो आज आला तो आज जेवला, एवढा साधा हिशेब. दुपारच्या सुट्टीत घरी गेलेली मुले परत यायची नाहीत, तीही थांबू लागली.

एक खंत मात्र नोंदवली पाहिजे. महागाई कुठल्या कुठे गेली तरी मुलींचा तो एक रुपया वर्षानुवर्षे एक रुपयाच राहिला. शाहू महाराजांच्या रुपयाचा धाक वाटत होता, या रुपयात एक लिमलेटची गोळी येते.

आता सक्ती कोणावर?

२००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, पण न घातल्यास दंड नाही. 'सक्ती' या शब्दाचा अर्थच बदलला. मुलाचा प्रवेश, त्याची रोजची हजेरी आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे, या तिन्ही गोष्टींची सक्ती आता सरकारवर आहे. धारवाडच्या मुलापासून निघालेला रस्ता इथपर्यंत आला.

पण कायदा बोटाला शाई लावून पूर्ण होत नाही. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांची पाहणी झाली आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. आता ऊसतोड कामगारांचे पहा. ती माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात आणि उन्हाळ्यात परततात. जुलैत त्यांची पोरे गावच्या शाळेतच असतात. मोजणारे जुलैत आले, पोरे गेली नोव्हेंबरात! यावर खरा उपाय साखरशाळांचा आणि गावातल्या हंगामी वसतिगृहांचा, म्हणजे आईबाप कोयता घेऊन गेले तरी मूल मागे राहून शिकेल असा. जिथे हे नीट चालले तिथे मुले टिकली. पुन्हा तोच शाहू महाराजांचा क्रम.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा हजेरी मोबाईलवर आली. ज्या घरात एकच मोबाईल आणि तोही बापाबरोबर कामावर, त्या घरातली दोन-तीन भावंडे एकदमच गैरहजर झाली. रजिस्टरने पुन्हा तेवढेच लिहिले.

बंधू-भगिनींनो, इतिहास वाचून आपण काय करायचे? आज आपल्या वस्तीत फी, गोणपाट किंवा शिवाशिवीपायी मूल घरी राहत नसेल. पण धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते, लग्नसराईत केटरिंगच्या कामाला दहावीचा पोरगा जातो, आणि गणवेश वाळला नाही म्हणून कोणी बाहेर पडत नाही. तीन दिवसांचे तेरा दिवस होतात, मग लाज वाटते आणि मग पोर जातच नाही. शाळेतून चिठ्ठी येईपर्यंत उशीर झालेला असतो. आपण मात्र शेजारी आहोत, आपल्याला तिसऱ्या दिवशीच दिसते. दर रविवारी विहारात मुले जमतात. त्या वेळी कोण किती दिवस शाळेला गेले नाही, एवढे विचारायला काय लागते? विचारताना मात्र दरडावू नये. त्याच्या घरी जावे, आईशी बोलावे, काय नडले ते पाहावे. थोरलीला धाकट्यापासून चार तास मोकळे करणे कुणा आजीला जमेल, तर एक जादा गणवेश मंडळाला जमेल.

आणखी पन्नास वर्षांनी आपली नातवंडे कुठल्यातरी कामासाठी आपल्या पोरांचे रजिस्टर उघडतील. त्या शेवटच्या रकान्यात काय लिहिलेले त्यांना सापडावे, ते आजच्या हजेरीवर ठरते आहे.