तळटीप : ‘नव्वदचे ऑइल’

* नाना पेठेत ‘नव्वदचे ऑइल’ मागितले की दुकानदार डबा काढून देतो. लेखकानेही तेच घेतले आहे. पण ९० हा आकडा फक्त तेलाचा दाटपणा सांगतो. शेजारची जीएल-५ ही खूण हायपॉइड गिअरांवरचा दाब सोसण्याची ताकद सांगते. एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल, क्लच प्लेटांचा असेल तर एवढ्याने भागत नाही. त्या प्लेटा एकमेकींवर थोड्या घसरायला हव्यात आणि वेळेला धरायलाही हव्यात. त्यासाठी तेलात घर्षण बेताचे ठेवणारे द्रव्य लागते. अशा डब्यावर बहुधा ‘एलएस’ छापलेले असते. ते नसेल तर शनिवार पेठेतल्या बोळात गाडी हळू वळवताना मागून थरथर आणि खडखड येते. (पुढच्या पानावर मेकॅनिक ज्या बेअरिंगला दोष देतो, ते बहुधा निर्दोष असावे.) उलट हेच द्रव्य सढळ हाताने ओतले, तर प्लेटांची पकड जाते आणि मुळशीच्या चिखलात एकच चाक गरगरत राहते.

आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीची गोष्ट वेगळी. तिच्यातले डिफरन्शिअल लॉक चालक स्वतः लावतो. तिथे पुस्तिकेत सांगितलेले तेल पुरते. उरलेले तेल गिअरबॉक्समध्ये ओतण्याचा लेखकाचा काटकसरी बेत मात्र कुणी अनुसरू नये : जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्ये पितळी सिंक्रो रिंगा खाऊ शकतात. — संपा.